काही विचारायचंय का?

मखमलाबाद, नाशिक
२१ जून १९९८

ताई,

पत्ता सिव्हिल हॉस्पिटलमधल्या तुझ्या मैत्रिणीने दिला. घराचा तिलाही माहीत नव्हता, म्हणून वलसाडच्या तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर लिहितेय. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, म्हणजे न उघडता परत पाठवायची सोय नको.

चार वर्षांनी लिहितेय. मधे का लिहिलं नाही ते सांगते. तू गेलीस त्या आठवड्यात आप्पांनी आईच्या फोटोसमोर मला शपथ घातली, तुला कधी लिहायचं नाही म्हणून. ती अजून तशीच आहे. पण आज घरात बोलायला कुणी नव्हतं आणि बोलल्याशिवाय मला राहवेना.

आधी घरचं. आप्पा बरे आहेत. पहाटे फुलं घेऊन बाजारात जातात, दुपारी येऊन पडतात, उन्हं कलली की पुन्हा मळ्यात. भागुआत्या आता आपल्याकडेच असते. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिला काही सांगायचं म्हणजे सगळ्या गल्लीला सांगायचं. माझ्याबरोबरच्या मुली लग्नं होऊन पांगल्या. मी बी.एस्सी. झाले, केमिस्ट्री घेऊन, फर्स्ट क्लासमध्ये. पेढे आणले होते. आप्पांनी एक खाल्ला आणि म्हणाले, "आता पुढं?"

पुढं म्हणजे नोकरी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लॅबला माणसं लागतात. आप्पांनी दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. तोवर लागली तर लागली, नाहीतर तुळशीचं लग्न झालं की माझं बघायचं. निफाडचं एक स्थळ आत्याने हेरूनही ठेवलंय.

आज मी तिसऱ्या मुलाखतीला जाऊन आले. सातपूरला, गोळ्या-औषधांच्या कारखान्यात. तिघं बसले होते. त्यांनी विचारलेलं सगळं मला आलं, ताई. एकदाही अडले नाही. मग शेवटी मधले साहेब खुर्चीला टेकले आणि म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय का?"

मी म्हटलं, "नाही सर."

"काहीच नाही? कामाबद्दल, कंपनीबद्दल?"

"नाही सर."

बाहेर आले, चपला घालत होते, तर त्या तिघांतल्या देवरे मॅडम मागून आल्या. पन्नाशीच्या असतील. म्हणाल्या, "मुली, तुला सगळं येतं. पण तुला इथे यायचंय का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. अगं, माणूस खोली भाड्याने घेतो तरी नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतो. तू तर रोजचा सगळा दिवस इथे घालवणार होतीस."

म्हणजे ही नोकरी गेली, हे मी समजले.

ताई, विचारायचं मला नव्हतं असं नाही. तोंड उघडेना. तो प्रश्न आला की मला आपली बाहेरची खोली दिसते. येवल्याची माणसं ओळीने बसलेली, तू पाटावर, मी पडद्याआड पोह्यांच्या ताटल्या धरून. त्यांनी तुला शिवण येतं का विचारलं, चालून दाखव म्हणाले, नर्सिंग सोडशील का विचारलं. मग मुलाचा मामा रीतीपुरतं बोलला, "पोरीला काय इचारायचं आसंल तर इचारू द्या." आणि तू मान वर करून विचारलंस, "यांचं आधी जमलेलं लग्न साखरपुड्यानंतर का मोडलं?"

कपबशा तशाच राहिल्या. ती माणसं उठून गेली. आप्पांचा हात उठला. महिन्याच्या आत तू राजबरोबर निघून गेलीस. या तीन गोष्टी माझ्या डोक्यात एकीला एक अशा चिकटल्यात की सुटत नाहीत. आपण प्रश्न विचारला की घरातलं माणूस जातं, असं काहीतरी.

मला एवढंच सांग. तू विचारलंस कसं? तोंड कसं उघडलंस?

तुझी
शुभा


मखमलाबाद
९ ऑगस्ट १९९८

ताई,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं नसेल, असं धरून चालते. ते मला बरं पडतं.

वाचनालयातून मुलाखतीवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. उमेदवाराने काय विचारावं, याचं त्यात एक प्रकरणच आहे. चार प्रश्न पाठ केले आणि परवा अंबडला नळाच्या तोट्या बनवणाऱ्या कारखान्यात गेले. लहानसाच आहे. मालकच मुलाखत घेत होते. मधेच उठून कामगारांवर ओरडून येत होते. त्यांनी शेवटी विचारलं तशी मी डोळे मिटून घेतल्यासारखं करून म्हटलं, "सर, पाच वर्षांनी आपली कंपनी कुठे असेल असं आपल्याला वाटतं?"

ते बघतच राहिले. म्हणाले, "पाच वर्षांनी? बाई, पुढच्या महिन्यात वीजबोर्डवाले माझी लाइन ठेवतात का तोडतात ते मला माहीत नाही. तुम्हाला कुणी पाठवलंय का?"

त्यांना मी कुठल्यातरी सरकारी खात्यातली वाटले! बसमध्ये मला हसू फुटलं. शेजारची बाई सरकून बसली. घरी येईपर्यंत हसू संपलं होतं. ताई, एखादी गंमत झाली आणि ती सांगायला कुणी नसलं तर ती गंमत राहत नाही. आप्पांनी विचारलं, "बस कितीला सुटली?" आत्याने विचारलं, "जेवली का?" कसं झालं, हे विचारणारं या घरात कुणी नाही. आई असती तर तिने विचारलं असतं. तू तर दारातच धरलं असतंस.

मग मी ठरवलं की आधी सवय करायची. रविवारी आप्पांबरोबर फुलबाजारात बसते ना, तिथे गिऱ्हाइकांना विचारायला लागले, "कशासाठी हवीत फुलं?" लोकांना आवडतं, ताई. कुणी सांगतं सत्यनारायण आहे, कुणी सांगतं साहेबांची बदली झालीय. आप्पा कपाळाला आठ्या घालून बसले होते, पण एका माणसाने बारशाचं सांगता सांगता दुप्पट शेवंती घेतली तेव्हा गप्प झाले.

मग एक बाई आली. फार वयाची नव्हती. निशिगंधाचा हार मागितला. मी हार बांधता बांधता सवयीने विचारलं, "कशासाठी?" ती म्हणाली, "मिस्टरांच्या फोटोला. आज महिना झाला."

माझे हात थांबले. ती उभी होती. माझ्याकडे बघत होती, म्हणजे मी आणखी काही विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मी हार पानात गुंडाळून दिला आणि मान खाली घातली. ती गेली.

दिवसभर ती डोळ्यांसमोरून हलली नाही. त्या पुस्तकात प्रश्न आहेत, पण उत्तर आल्यावर आपण काय करायचं ते त्यात लिहिलेलं नाही. ज्याचं उत्तर झेलायची तयारी नाही ते विचारूच नये, की विचारत विचारतच तयारी होते? तुझ्या दवाखान्यात तुला रोजच विचारावं लागत असेल, कुठे दुखतं, केव्हापासून दुखतं. तुला ठाऊक असेल.

शुभा


मखमलाबाद
२२ सप्टेंबर १९९८

ताई,

मला नोकरी मिळाली आहे. नेमणुकीचं पत्र समोर आहे. तरी आनंद का नाही, ते लिहिते.

कारखाना अंबडचाच. स्कूटर-मोटारींच्या भागांना चकाकी चढवतात, क्रोमचा मुलामा देतात. मोठमोठ्या टाक्यांत ॲसिडचं पाणी असतं आणि त्यात तो माल बुडवतात. त्या पाण्याचे नमुने तपासायचं काम माझं. ऑफिसात जायला टाक्यांच्या शेजारूनच वाट आहे. जाता जाता माझे डोळे चुरचुरले, घशात आंबट काहीतरी उतरलं. टाकीच्या डोक्यावर वाफ ओढून घेणारा पंखा होता, पण तो बंद होता. त्याच्या पात्यांवर जाळी धरली होती.

आत मालक, त्यांचा मुलगा आणि आहेर म्हणून एक सुपरवायझर. मालकांनी पंधरा मिनिटं विचारलं, मग घड्याळ बघत म्हणाले, "काही विचारायचंय का?"

पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. जे डोळ्यांनी पाहिलं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"सर, या जागेवर आधी कोण होतं?"

"होती एक मुलगी."

"त्या का गेल्या?"

"तब्येत बरी नसायची."

"कशाने?"

आहेर टेबलाकडे बघायला लागले. मालक म्हणाले, "आता कुणाची प्रकृती कशी, ते मी कसं सांगणार? नाजूक होती."

"त्या गेल्यावर इथे काही बदललं का, सर? तो पंखा..."

मालक हसले. हसणं चांगलं नव्हतं. मुलाला म्हणाले, "बघ, हीच आपली मुलाखत घेते." मग मला म्हणाले, "बाई, आम्हाला उत्तरं देणारी पाहिजे. विचारणारे पुष्कळ आहेत, फॅक्टरी इन्स्पेक्टर आहे, बँकवाले आहेत. हुशार दिसता. सोमवारपासून या." आणि तिथल्या तिथे पत्र टाइप करून हातात दिलं. ताई, माणूस मिळण्याची एवढी घाई कुणाला असते, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

फाटकापर्यंत आहेर सोडायला आले. सभोवार बघून हळूच म्हणाले, "सगुणा तिचं नाव. अंबड गावात, मारुतीच्या देवळामागे राहते. मी सांगितलं म्हणू नका."

मी तशीच गेले. एक खोली, पत्र्याची. सगुणा माझ्याच वयाची निघाली. सुरगाण्याकडची आहे, घरात शिकलेली ती पहिली. मी कोण ते सांगितल्यावर तिने सतरंजी टाकली आणि लांब बसली, मला खोकला लागू नये म्हणून. बोलताना रुमाल नाकाला. त्यावर रक्ताचे ठिपके होते.

"नाकाच्या आतला पडदा झिजला म्हणाले डॉक्टर," ती म्हणाली. "वाफेने. पंखा लावला की बिल येतं म्हणून तपासणीचे साहेब येणार असतील तेव्हाच तो लावायचे."

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"कोणाला सांगायचं? मुलाखतीत मला पण म्हटले होते, काही विचारायचंय का. मी हात जोडले. साहेब, नोकरी द्या, एवढंच म्हटलं."

गावी अजून कळवलेलं नाही तिने. नोकरी चालू आहे असंच सांगितलंय. आईवडील भातशेतीच्या कामात असतात, कशाला घोर लावायचा, म्हणते. मी उठले तेव्हा म्हणाली, "कारखान्यातलं कोणी आलं नाही मला बघायला. तू आलीस." मग म्हणाली, "तू पण आलीस ती नोकरीच्या चौकशीलाच."

ती रागाने बोलली नाही. खरं तेच बोलली. मी परत बसले. चहाला दूध नव्हतं, कोरा चहा प्यालो आणि अंधार पडायच्या बेताला मी निघाले.

सोमवार जवळ आलाय. दिवाळीही आलीय. नाही म्हटलं तर निफाडचे लोक येतील. काय करू?

शुभा


मखमलाबाद
४ ऑक्टोबर १९९८

ताई,

मी सोमवारी गेले. पण कामाला नाही. मालकांना म्हटलं, "सर, मी आजपासून लागते, पण टाक्या चालू असताना पंखा चालू राहील असं सांगा."

ते म्हणाले, "कोण सांगणार तुला? करायची तर कर, नाहीतर फाटक उघडं आहे."

पत्र टेबलावर ठेवून मी बाहेर आले. 

आप्पा मळ्यात दसऱ्याचा झेंडू तोडत होते. मी बांधावर उभी राहून सांगितलं. सगुणाचं, पंख्याचं, सगळं. ते तोडतच राहिले. टोपली भरली तेव्हा म्हणाले, "आलेली नोकरी लाथाडली."

"आप्पा, तिथं..."

"आपल्या घरात पोरींनी प्रश्न इचारले की काय होतं, ते मी एकदा बघितलंय, शुभे. पुन्यांदा बघायचं नाय मला."

आणि टोपली उचलून चालायला लागले. तुझा विषय घरात चार वर्षांनी निघाला तो असा.

दसऱ्याच्या धांदलीत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आत्यालाही काहीतरी उमगलं असावं, ती सारखी भांडी आपटत होती. रात्री मी ताटावर बसले की आप्पा उठायचे. एवढी माणसं फुलं न्यायला दारात येत होती आणि मला वाटत होतं की मी विहिरीच्या तळाशी बसलेय.

काल सकाळी बाहेर पडताना बघते तर माझ्या पिशवीवर अडुळशाच्या पानांची जुडी ठेवलेली, सुतळीने बांधून. आप्पा पाठमोरे, सायकलला हवा भरत होते.

"त्या सुरगाण्याच्या पोरीला दे," ते म्हणाले. "आलं-गूळ घालून काढा करून पी म्हणावं. नाकाचं डॉक्टर बघंल, खोकल्याला उतार पडंल."

मी काही बोलणार तोवर ते निघून गेलेसुद्धा.

सगुणाने जुडी हातात घेतली, वास घेतला. तिला खोकला आला, पण हसत होती. "आमच्याकडे कुंपणाला असतो हा," म्हणाली. मग तिनेच काढा केला आणि अर्धा मलाही पाजला. कडू जहर!

शुभा


मखमलाबाद
६ डिसेंबर १९९८

ताई,

दिवाळी गेली. तुळशीचं लग्नही झालं. निफाडची माणसं पुढल्या रविवारी यायची ठरलीत. मी आता तुझ्या उत्तराची वाट बघत नाही. पण पोस्टमन दिसला की दारात जाते खरी.

क्रोमच्या कारखान्यात दुसरी मुलगी लागली. मी एका संध्याकाळी बसस्टॉपवर तिची वाट बघत थांबले आणि तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मला माहितीय. आहेरांनी सांगितलं. पण मला सोडता येणार नाही." तिची बस आली. तिने नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सगळ्यांनाच फाटकाबाहेर येता येत नाही. माझ्या मागे निदान आप्पांचा मळा आहे.

सगुणाने शेवटी घरी कळवलं. तिचा भाऊ जीप घेऊन आला. तो दारात उभा राहून तिच्याकडे नुसता बघत राहिला. मग तिच्या डब्या, सतरंजी, स्टोव्ह सगळं त्यानेच बांधलं, तिला काही उचलू दिलं नाही. जाताना तिने माझा हात धरला. जीप वळेपर्यंत मी उभी होते. अंबड गावात मला जायला आता कारण उरलं नाही. अडुळसा आपल्या मळ्याच्या कुंपणावर तसाच वाढतोय.

आणि काल मुलाखत होती. रंगाच्या कारखान्यात. इमारतींना देतात ते रंग. लॅबमध्येच जागा आहे. आधी कारखाना दाखवा, मग बोलू, असं मी मुलाखतीच्या आधीच तिथल्या क्लार्कला म्हटलं. तो गोंधळला, पण घेऊन गेला. पंखे चालू होते. मी उगीच दोनदा पाहिले.

दोघं होते. लॅबचे प्रमुख कुलथे, आणि मालाच्या उत्पादनाचे मॅनेजर बोरस्ते. दोघं शेजारी बसूनही एकमेकांकडे पाठ केल्यासारखे बसले होते. विचारायचं ते विचारून झालं. मग कुलथे म्हणाले, "तुमचं काही?"

यावेळी पाठ केलेलं नव्हतं, घाबरल्यामुळे निसटलेलंही नव्हतं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "सर, समजा मी माल तपासला आणि नापास केला. आणि ट्रक फाटकात उभा आहे, माल आजच जायचाय. तर शेवटचा शब्द कुणाचा?"

मग बोरस्ते म्हणाले, "कंपनीच्या हिताचा विचार करून..."

"तसं नाही, बोरस्ते," कुलथे म्हणाले. "तिने शब्द कुणाचा ते विचारलंय. सांगा ना. मलाही ऐकायचंय."

"म्हणजे मी काय तुमचे रिपोर्ट डावलतो?"

"गणपतीच्या आधी पांढऱ्या रंगाचा लॉट कुणी सोडला?"

"अहो, गिऱ्हाईक बोंबलत होतं!"

"मग नंतर भिंतीवरनं पोपडे निघाले तेव्हा कोण बोंबललं?"

ताई, ते दोघं माझ्यासमोर भांडायला लागले! मी फाइल मांडीवर घट्ट धरून बसले. हीपण गेली, असं मला वाटलं. शेवटी दोघं दमले. बोरस्त्यांनी पाण्याचा ग्लास संपवला. कुलथे माझ्याकडे वळले.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "कधी माझा, कधी यांचा. जास्त वेळा यांचा. पण तुम्ही नापास लिहिलंत तर ते नापासच राहील, त्यावर तुम्हाला कुणी खाडाखोड करायला लावणार नाही. एवढा शब्द मी देऊ शकतो. ट्रकचा नाही देऊ शकत."

बोरस्ते म्हणाले, "हां. ते खरंय."

मी म्हटलं, "चालेल, सर."

फार मोठं आश्वासन नव्हतं ते. पण जेवढं होतं तेवढं खरं होतं. बसमध्ये खिडकीशी बसून मी इतक्या दिवसांनी रडले. शेजारी यावेळी कुणी नव्हतं.

आज रविवार, फुलबाजारात होते. नोकरीचं अजून कळलेलं नाही. कळलं तर कळवीन, तुला नको असलं तरी.

शुभा


मखमलाबाद
१७ जानेवारी १९९९

ताई,

तुझं कार्ड आलं.

आत्याने ते आधी पोळपाटाखाली ठेवलं होतं. मला दिलं तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिला वाचता येत नाही, पण गुजराती शिक्का तिला ओळखू येतो, हे मला माहीत नव्हतं. आप्पांना सांगितलं नाही तिने.

तुझ्या पाचच ओळी मी इतक्यांदा वाचल्या की मला त्या तोंडपाठ झाल्यात. "शुभा, पत्रं सगळी मिळाली. मला धीट म्हणू नकोस. येवल्याच्या लोकांना तो प्रश्न विचार, लग्न आपोआप मोडेल, असं मला राजने सांगितलं होतं. म्हणून विचारला. राज आता इथे नाही. नोकरी लागली का ते कळव."

ते वाचून मला आधी धक्काच बसला. पडद्याआडून मी जे बघितलं ते मी केवढं मोठं करून ठेवलं होतं, आणि तू मात्र ठरवून आलेली, दुसऱ्याने पढवलेलं बोलत होतीस. दोन दिवस मी तुझ्यावर रागावून होते. मग लॅबमध्ये काम करता करता राग कधी उतरला ते कळलं नाही. तू का विचारलंस ते मला आता कळलं, पण मी का विचारलं ते मला माहीत आहे. त्याला तुझी पढवणी लागत नाही.

हो, नोकरी लागली. निफाडच्या लोकांना आप्पांनीच निरोप पाठवला, पुढल्या वर्षी बघू म्हणून. मला एका शब्दाने सांगितलं नाही. आत्याच्या ओरडण्यातून कळलं. कुलथे सर कडक आहेत, बोरस्ते त्याहून. मी एक लॉट नापास केलाय, ट्रक गेलाच, पण नापास नापासच राहिलं. डबा मी एकटीच खाते. बाकीच्या बायका पॅकिंगच्या, त्यांचा घोळका वेगळा, मी गेले की त्या गप्प होतात. होईल हळूहळू. नाही झालं तरी दुपार जाते.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. काल तुझं कार्ड पुन्हा काढलं आणि "राज आता इथे नाही" या ओळीवर थांबले. इथे नाही म्हणजे काय, ताई? गेला? की वारला? की कामाला दुसरीकडे गेलाय आणि येणार आहे? पाच महिने मी तुला लांबलचक पत्रं लिहिली, सगळी माझी. तू कशी आहेस, हे त्यात कुठेही विचारलेलं नाही. मी तुला नुसती ऐकायला बसवली होती.

म्हणून आता विचारते. राजचं काय झालं? तू एकटी राहतेस का? खोली कशी आहे, खिडकी आहे का? रात्रपाळी असली की सकाळी घरी आल्यावर चहा कोण करतं, तूच? आजारी पडलीस तर दवाखान्यातलं कुणी येतं का बघायला? आईची आठवण येते तेव्हा तू काय करतेस? आप्पांवर अजून राग आहे का? की माझ्यावर आहे?

फुलबाजारातल्या त्या बाईसमोर मी मान खाली घातली होती. तुझ्यासमोर घालणार नाही. जे असेल ते लिही. वाईट असलं तरी लिही.

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल, असं शेवटी लिहिणार होते. पण चालणार नाही, ताई. उत्तर पाठव.

शुभा